त्या प्रमाणपत्रावर माझीही सही आहे

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
मणका व सांधेदुखीवर उपचार करणाऱ्या आपल्या शहरातील व्यावसायिकांची संघटना,
बडोदे

सादर नमस्कार.

कार्यकारिणीने गेल्या महिन्यात काढलेले परिपत्रक मी तीनदा वाचले. पहिल्या वाचनात मला वाटले की छापताना एखादा परिच्छेद गळला असावा. तिसऱ्या वाचनानंतर खात्री पटली की काहीही गळलेले नाही. परिपत्रकात तीन निर्णय आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होणारी रुग्णचर्चा ‘अल्प उपस्थितीमुळे’ बंद करण्यात येत आहे. तिच्या जागी वर्षातून तीन वेळा, शनिवार-रविवार असे दोन दिवस, हॉटेलच्या सभागृहात ‘कायरोप्रॅक्टिक अ‍ॅडजस्टमेंट’ची, म्हणजे मणक्याला हाताने झटका देऊन करायच्या उपचाराची, कार्यशाळा होईल आणि ती पूर्ण करणाऱ्या सभासदाला ‘प्रमाणित कायरोप्रॅक्टर’ असे प्रमाणपत्र देण्यात येईल. तिसरा निर्णय असा की, सभासदत्वाच्या नूतनीकरणासाठी आपण निरंतर शिक्षणाचे जे तास मोजतो, ते सगळेच्या सगळे आता घरबसल्या चित्रफिती पाहून भरता येतील. या तिन्ही निर्णयांवर मी सचिवांना दोन पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्राचे उत्तर एका ओळीत आले: विषय कार्यकारिणीने निकाली काढला आहे. आपल्या दृष्टीने तो निकाली निघाला असेल. पण ज्यांच्या पाठीवर आणि मानेवर हे निर्णय उद्या प्रत्यक्ष उतरणार आहेत, त्या लोकांना तो ठाऊकच नाही. म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे आणि ते त्यांनीही वाचावे, हा हेतू लपवत नाही.

मी दांडिया बाजारात गेली सव्वीस वर्षे फिजिओथेरपीचे क्लिनिक चालवते. हाताने उपचार करण्याला माझा विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये, कारण मी त्याच उपचारांच्या घरात वाढले. माझे आजोबा तालमीतले, आणि बडोद्यात तालीम व हाडवैद्यक यांचे नाते नव्याने सांगायला नको. ज्या गावात जुम्मादादा व्यायाममंदिर आहे, जिथे प्रो. माणिकरावांनी आयुष्यभर शरीर घडवण्याची आणि निखळलेले सांधे बसवण्याची विद्या शिकवली, जिथे पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांच्या हाताखाली होते, त्या गावात हाताच्या गुणाचा अपमान कोणी करणार नाही. आजोबांकडे शिकायला येणाऱ्या मुलाला पहिले वर्षभर कोणाला हात लावू देत नसत. दारातून आत येणारा माणूस कसा चालतो, बसताना कुठला हात टेकतो, उठताना तोंड कसे करतो, एवढेच त्याने पाहायचे. अंगात ताप असलेल्या माणसाची पाठ आजोबांनी कधी रगडली नाही. अशाला ते सरळ टांग्यात घालून मोठ्या इस्पितळात पाठवत. तपासणी हा शब्द त्यांनी वापरल्याचे मला आठवत नाही, पण ते करत होते ती तपासणीच होती.

आता ज्या घटनेमुळे हे पत्र लिहावे लागले, ती सांगते. ज्यांची ही हकीकत आहे, त्यांची परवानगी घेतलेली आहे.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमच्या गल्लीतल्या सदुसष्ट वर्षांच्या एका काकूंची पाठ दुखू लागली. फराळाचे डबे उतरवताना उसण भरली असेल म्हणून घरच्यांनी आठवडाभर शेकले. मग कोणीतरी सुचवले म्हणून त्या शहराच्या दुसऱ्या भागातल्या एका क्लिनिकमध्ये गेल्या. तिथे त्यांना सांगितले गेले की गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, खसली आहे, बसवावी लागेल. दहा दिवसांत चार वेळा त्यांच्या पाठीला झटका देण्यात आला. प्रत्येक वेळी कट्‌कन आवाज झाला, दोन-चार तास बरे वाटले आणि रात्री दुखणे पुन्हा उठले. पाचव्या खेपेला जाण्याऐवजी त्यांची सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली, कारण काकूंना घराचा जिना चढवेना. मी विचारले, रात्री पडल्यावर दुखणे कमी होते की वाढते? वाढते. संध्याकाळी अंग गरम लागते का? लागते. वजन? ते कोणी केले नव्हते, पण सून म्हणाली की सगळे ब्लाउज सैल झाले आहेत. पाठीच्या खालच्या भागात एका मणक्यावर बोटाने हलकेच ठोकले, तर काकू कळवळल्या. घोट्यावर हातोडी मारली, तर पाऊल नको इतक्या जोराने उडाले. तळव्यावर रेघ ओढली, तर अंगठा वर गेला. ही दोन्ही मज्जारज्जूवर दाब असल्याची लक्षणे. यातल्या कोणत्याही गोष्टीला यंत्र लागत नाही आणि सगळे मिळून दहा मिनिटांच्या वर गेले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांना इस्पितळात पाठवले. एमआरआयमध्ये पाठीच्या अकराव्या आणि बाराव्या मणक्यांचा क्षय निघाला, पू साचून मज्जारज्जूवर दाब आलेला होता. शस्त्रक्रिया झाली, क्षयाची औषधे अजून चालू आहेत. काकू आता वॉकर घेऊन चालतात.

मला कोणावर खोटा आळ घ्यायचा नाही. क्षय त्या उपचारकाने दिला नव्हता. चार झटक्यांनी नेमके किती बिघडले, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. एवढे मात्र नक्की की ते दहा दिवस वाया गेले, आणि मज्जारज्जूवर दाब असताना दहा दिवस ही थोडी गोष्ट नव्हे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत आणि हाडांच्या क्षयाचे जवळपास निम्मे रुग्ण मणक्याचे असतात. तेव्हा बडोद्यात पाठदुखीसाठी दार उघडून बसलेल्या प्रत्येकाने ही शक्यता मनात ठेवायलाच हवी.

मी त्या उपचारकाला फोन केला. माणूस वाईट नाही. तो दुसऱ्याच दिवशी भेटायला आला, काकूंच्या घरी जाऊन आला, आणि जाताना मला म्हणाला, “ताई, मला हे कोणी शिकवलंच नाही.” नंतर मी त्याच्या क्लिनिकमध्ये गेले, तेव्हा टेबलामागच्या भिंतीवर आपल्या संघटनेच्या तीन वर्षांपूर्वीच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले दिसले. खाली उजव्या कोपऱ्यात संयोजन समितीच्या वतीने सही होती. ती माझी आहे.

त्या कार्यशाळेची वेळापत्रिका मी घरी येऊन शोधून काढली. दोन दिवसांचे मिळून चौदा तास. उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि सत्कार यांना एक तास दहा मिनिटे. झटक्यांच्या पद्धतींना दहा तास. ‘हा उपचार कोणाला करू नये’ या विषयाला दुसऱ्या दिवशी जेवणाआधीची वीस मिनिटे, आणि मला पक्के आठवते की उद्घाटन लांबल्यामुळे सगळे पुढे ढकलले जाऊन त्यातलीही काही कापली गेली. मी तेव्हा बाहेरच्या टेबलावर चहाची कुपने मोजत होते. म्हणून या पत्रातल्या तक्रारी मी आपल्याइतक्याच स्वतःवरही करत आहे.

माझी पहिली तक्रार नावाविषयी आहे. ‘कायरोप्रॅक्टर’ हे नाव आपल्या मालकीचे नाही की आपण ते दोन दिवसांत वाटावे. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली, तेव्हा सरकलेले मणके हेच बहुतेक रोगांचे मूळ आहे असा त्यांचा दावा होता. तो दावा पुढे टिकला नाही. पण त्या व्यवसायाने सव्वाशे वर्षांत निदानाचे, क्ष-किरणांचे, मज्जासंस्थेच्या परीक्षेचे शिक्षण आपल्या अभ्यासक्रमात आणले आणि कायद्याची मान्यता मिळवली. अमेरिकेतले शेवटचे राज्य लुइझियाना. तिथे परवाना सुरू झाला १९७४ साली. ब्रिटनमध्ये १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणी नसलेल्याने हे नाव लावणे तिथे गुन्हा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या शिक्षणाची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पूर्ण अभ्यासक्रमासाठी किमान ४२०० तास सांगितले आहेत, आणि त्यांपैकी किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याचे. आपल्यासारख्या, आधीच आरोग्यक्षेत्राचे शिक्षण घेतलेल्यांसाठी सवलत आहे, पण ती सवलतही किमान २२०० तासांची आहे आणि प्रत्यक्ष रुग्णांचे १००० तास तिच्यातही सुटत नाहीत. आपण चौदा तास देतो. म्हणजे सवलतीच्या शिक्षणाचा सुमारे १५७ वा भाग शिकवून नाव मात्र पूर्ण देतो. आपल्या देशात २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्यात फिजिओथेरपीला स्वतंत्र वर्ग मिळाला आहे. त्या अनुसूचीत कायरोप्रॅक्टरचा उल्लेख नाही. ज्या नावाला इथल्या कायद्यात जागा नाही आणि परदेशात ज्यासाठी चार वर्षे घालवावी लागतात, ते नाव पाटीवर रंगवण्याची मुभा देणारे आपण कोण?

दुसरी तक्रार माझ्या लेखी सर्वांत मोठी आहे, तेव्हा ती थोडी विस्ताराने मांडते. आपल्या कार्यशाळा हात शिकवतात, डोळे आणि कान शिकवत नाहीत. झटका कसा द्यावा हे हुशार माणूस खरोखरच दोन दिवसांत शिकतो. कोणाला देऊ नये हे शिकायला वर्षे लागतात, आणि तेवढेच आपण गाळतो. वर सांगितलेल्या २००५ च्या तत्त्वांमध्ये झटक्याचा उपचार सर्वस्वी वर्ज्य असलेल्या अवस्थांची लांबलचक यादी आहे. मणक्याचा क्षय त्यात नावानिशी आहे. ताजा अस्थिभंग, मणक्यातील गाठ, वाढत जाणारा अशक्तपणा असलेला चकतीचा आजार, आणि जांघेभोवतीची संवेदना जाऊन लघवी अडते ती अवस्था, हे सारे आहे. मला सांगा, आपल्या किती सभासदांनी ही यादी पाहिली आहे? आणि किती जण पाठदुखीच्या रुग्णाला “लघवी नीट होते ना, बसण्याच्या जागी बधिर तर वाटत नाही ना” असा प्रश्न न संकोचता विचारतात? पुरुष उपचारकाने काकूंना हे कसे विचारावे, सुनेसमोर विचारावे की बाहेर बसवून, याचाही सराव लागतो. तो कोणत्याही कार्यशाळेत मी पाहिला नाही.

पायात कळ जाणाऱ्या रुग्णाचा सरळ पाय उचलताना तो किती अंशांवर दुखतो, दुखते ते मांडीच्या मागचा स्नायू ताणल्यामुळे की नसेमुळे, दुसरा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ येते का. पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद किती, घोट्याची आणि गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्ही बाजूंना सारखी आहे का. एवढ्या साध्या तपासणीतून कोणती नस, कोणत्या पातळीवर, आणि घाई आहे की नाही, हे बऱ्याच अंशी कळते. मानेचे तर त्याहून नाजूक. मानेतल्या रोहिणीच्या अस्तराला चीर पडलेल्या माणसाला सुरुवातीला जाणवते ती फक्त मानदुखी आणि डोकेदुखी, म्हणजे नेमकी तीच तक्रार जी घेऊन तो आपल्याकडे येतो. हा प्रकार दुर्मीळ आहे, आणि झटक्यामुळे तो किती वेळा होतो आणि किती वेळा आधीच असतो, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना अडखळणे, गिळताना त्रास हे न विचारता कोणाची मान पिळणे याला धाडस म्हणतात, उपचार नव्हे.

शिवाय इथले रुग्ण इथले असतात. परदेशी पुस्तकावरून केलेल्या चित्रफितीत छोटा उदेपूरचा विशीतला मुलगा नसतो. २०१३ साली तो जिल्हा वेगळा झाला, तरी तिकडची माणसे उपचाराला बडोद्यालाच येतात. आपल्या पूर्व पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि त्या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरू लागते. असा मुलगा “कंबर आणि जांघ दुखते” म्हणून येतो, लंगडतो, आणि आपण त्याची कंबर मोडून देतो. मधुमेही माणसाचा जखडलेला खांदा वेगळा, आणि जिना चढताना डाव्या खांद्यात भरून येणारी कळ वेगळी. त्या दुसऱ्याला खांद्याची नव्हे, हृदयाची तपासणी हवी. मकरपुऱ्याच्या कारखान्यात आठ तास उभ्याने काम करणाऱ्याची टाच आणि नवरात्रात नऊ रात्री अनवाणी गरबा खेळलेल्या मुलीची टाच एकाच पद्धतीने बरी होत नाही. या गोष्टी शिकवायला शहरात अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, मज्जातज्ज्ञ आहेत, आपल्यातलेच जुने लोक आहेत. त्यांच्यापैकी एकाचेही नाव परिपत्रकात नाही.

त्या आवाजाबद्दलही एकदा बोलू या. सांध्यातून येणारा तो कट्‌ आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो होतो; २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआय चालू असताना बोटे ओढून हे प्रत्यक्ष दाखवले. असे असता आपले काही सभासद रुग्णाच्या मानेशी माइक लावून तो आवाज चित्रित करतात आणि खाली लिहितात, ‘मणका बसला’. परिपत्रकासोबतच्या जाहिरातपत्रकावर असेच एक छायाचित्र आहे, माइकसकट.

याच ओघात ‘गादी खसली’ या शब्दाविषयी. मराठी असो की गुजराती, हे दोन शब्द ऐकले की माणूस महिनोन्‌महिने खाली वाकत नाही, नातवाला उचलत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, कोणतेही दुखणे नसलेल्या विशीतल्या लोकांतही सुमारे ३० टक्क्यांच्या एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसते आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ८४ टक्क्यांवर जाते. अहवालात दिसते ते दरवेळी दुखण्याचे कारण नसते, हे रुग्णाला न घाबरवता समजावून सांगणे हीदेखील शिकण्याची विद्या आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी जी शिफारस केली, तिच्यात रुग्णाला समजावून सांगण्याचे आणि व्यायामाचे स्थान मोठे आहे. मणक्यावरच्या हाताच्या उपचारालाही तिथे जागा आहे, पण सशर्त आणि इतर गोष्टींच्या जोडीने. उलट कंबरेला वजन लावणे, कंबरपट्टा, अल्ट्रासाउंड, त्वचेवरून दिला जाणारा विजेचा सौम्य प्रवाह हे नेहमीचे उपचार म्हणून करू नयेत, असे तिथे म्हटले आहे. माझ्या क्लिनिकमध्ये वजन लावण्याचे यंत्र आहे. ते मी हप्त्याने घेतले होते. शिफारस वाचल्यावर ते मी किती दिवस तरीही वापरत राहिले, हे इथे लिहायला मला लाज वाटते. पण आपल्या रुग्णचर्चेत एका तरुण सभासदाने तोंडावर विचारले म्हणूनच ते बंद झाले, हे सांगितले पाहिजे.

तिसरी तक्रार तीच आहे: ती रुग्णचर्चा. अकरा वर्षे ती चालली. दहा-बारा जण, सतरंजी, एकाने आपल्याला न उलगडलेला किंवा हातून चुकलेला रुग्ण मांडायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. चूक चारचौघांत कबूल करता येईल अशी शहरातली ती एकच जागा होती. उपस्थिती घटली हे खरे. पण ती का घटली, हे परिपत्रक सांगत नाही. संध्याकाळची वेळ बदलून सकाळी आठची केली गेली, तीनदा जागा बदलली आणि दोनदा निरोप आदल्या रात्री आला. जानेवारीची बैठक तर ऐन उत्तरायणाच्या रविवारी ठेवली होती, जेव्हा सारे बडोदे पतंग उडवत गच्चीवर असते आणि मानदुखीचे रुग्ण तयार होत असतात. एवढे करून सहा जण आले, याचे मला कौतुक वाटले होते.

चित्रफितींबद्दलची तक्रार थोडक्यात. त्या पाहाव्यात, त्यांतून शिकायलाही मिळते. पण पडद्याकडे बघून बोटांखालचा मणका कळत नाही आणि शेजारी कोणी ‘इथे नाही, दोन बोटे खाली’ असे सांगत नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरला वर्षाला ३० तास निरंतर शिक्षण घ्यावे लागते आणि त्यातले निम्मे तरी इतरांसोबत बसून शिकायचे, असा दंडक आहे. ज्यांचे नाव आपण उचलले, त्यांचा हा नियम मात्र उचलला नाही.

आपले म्हणणे मला माहीत आहे. नवे सभासद कर्जात आहेत, डिग्री असून पगार तुटपुंजा आहे, पाटीवर वेगळे नाव असले की रुग्ण येतात, आणि कार्यशाळेच्या शुल्कावर संघटनेचे कार्यालय चालते. यातले काहीही खोटे नाही. माझ्या सहायक मुलीनेच मला विचारले होते की, “मॅडम, मी ते प्रमाणपत्र घेऊ का?” मी तिला नको म्हणाले, आणि मग रात्रभर विचार करत बसले की त्याऐवजी तिला देण्यासारखे माझ्याजवळ काय आहे. शुल्क घ्या, पण ज्या शिक्षणाने तिचा हात भरवशाचा होईल, त्यासाठी घ्या.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. ‘प्रमाणित कायरोप्रॅक्टर’ हे शब्द नव्या प्रमाणपत्रावरून आजच काढावेत. किती तास, काय शिकवले, एवढेच त्यावर लिहावे. मागील कार्यशाळांत ज्यांना प्रमाणपत्रे दिली, त्या सर्वांना पत्र पाठवून ते नाव पाटीवर न लावण्याची विनंती करावी. त्या पत्रावर पहिली सही मी करीन. कोणत्याही कार्यशाळेचा किमान निम्मा वेळ दुखण्याचा इतिहास विचारणे, तपासणी आणि धोक्याच्या खुणा ओळखणे यांसाठी ठेवावा आणि तो कापून सत्कार लांबवू नयेत. शेवटी परीक्षा असावी, प्रत्यक्ष माणसावर, आणि तीत नापास करण्याची हिंमत परीक्षकाला असावी. मानेच्या झटक्याचा भाग, तपासणीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांनाच शिकवावा. निरंतर शिक्षणाचे निम्मे तास समोरासमोरचे असावेत. रुग्णाला पुढे पाठवण्याची एक साधी छापील चिठ्ठी संघटनेने तयार करून सर्वांना द्यावी, म्हणजे ‘डॉक्टरांकडे जा’ असे मोघम न सांगता काय आढळले आणि किती घाई आहे हे लिहून देता येईल. काही बिघडले तर नाव न सांगता कळवता येईल अशी नोंदवही ठेवावी आणि वर्षातून एकदा ती सर्वांसमोर वाचावी. माइक लावलेले ते जाहिरातपत्रक मागे घ्यावे. आणि रुग्णचर्चा पुन्हा सुरू करावी, संध्याकाळी, एकाच ठरलेल्या जागी.

या मागण्यांवर निर्णय घेण्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी. संघटनेच्या घटनेप्रमाणे त्यासाठी सभासदांच्या सह्या लागतात. त्या गोळा करण्याचे काम मी सुरू केले आहे. सभेने माझ्या विरोधात निर्णय दिला, तर तो इतिवृत्तात नोंदवलेला मला पाहायला आवडेल, कोणी काय म्हटले यासह.

दरम्यान येत्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता रुग्णचर्चा होईल. संघटनेच्या नावाने नव्हे, माझ्या निमंत्रणाने. ज्या उपचारकाविषयी वर लिहिले, तो स्वतः ती केस मांडणार आहे. मी त्याला तसे करायला सांगितले नव्हते. काकूही येणार आहेत. माझे क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि त्यांना अजून जिना चढवत नाही, म्हणून खालच्या शेजाऱ्यांनी आपली पुढची खोली दोन तासांसाठी दिली आहे. कार्यकारिणीच्या सर्व सदस्यांसाठी पुढच्या ओळीत खुर्च्या ठेवते.

आपली,
संघटनेची एक आजीव सभासद,
दांडिया बाजार, बडोदे